एका रेषेवर उभी राहिलेली हरणी

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यात शहाणा प्राणी मी होतो. हे मी म्हणत नाही. माझं प्रमाणपत्र म्हणतं.

मी म्हणजे साळिंदर. दूरच्या, थंडीच्या जंगलात शिकून आलेला. तिथे मी समता शिकलो, न्याय शिकलो आणि समोरचा बोलत असताना विचारात पडल्यासारखा चेहरा करायला शिकलो. परत येताना मी ठरवलं होतं, आपलं जंगल बदलायचं. जंगलाला हे कोणी कळवलं नव्हतं. त्यामुळे ते होतं तसंच होतं.

मी रोज पाणवठ्यावर भाषण करायचो. ऐकायला म्हशी यायच्या. त्या तशाही यायच्या.

त्या जंगलात भिंगरी नावाची एक हरणी होती. ती पळायला लागली की गवत हललेलं दिसायचं, हरणी दिसायची नाही. पळायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. वाघाच्या शेजारी राहणाऱ्याला क्लास लावावा लागत नाही.

एकदा जगातल्या सगळ्या जंगलांची स्पर्धा भरली. त्यात माद्यांची एक फेरीची शर्यत होती. गोल मैदानाला एकच फेरी, पण पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत जीव तोडून. पळणाऱ्या आठ जणी. प्रत्येकीला आपली लेन आखून दिलेली. लेन सोडायची नाही आणि शेजारणीला खायचं नाही, हे दोन मुख्य नियम.

आपले राजे वाघोबा महाराज त्या दिवशी जेवून बसले होते. म्हणजे खुशीत होते. ते म्हणाले, "भिंगरी पहिल्या तिघींत आली, तर तिच्या कळपाला वर्षभर अभय. एकाही हरणाला पंजा लावणार नाही."

"आणि नाही आली तर, महाराज?" भिंगरीच्या आईने विचारलं.

"तर काय, नेहमीसारखं," महाराज म्हणाले आणि त्यांनी जांभई दिली. जांभईत सगळे दात दिसले.

कळपात त्या वर्षी पाडसं पुष्कळ झाली होती.

भिंगरीबरोबर क्रीडा मंडळाचे अध्यक्ष गवाअण्णा निघाले. मार्गदर्शक म्हणून मी निघालो. पळण्यातलं मला काही कळत नव्हतं. पण परक्या मुलखात बोलायला कोणीतरी हवं, असं अण्णांचं मत पडलं. आणखी पाच-पन्नास प्राणी टाळ्या वाजवायला आले, म्हशींसकट.

प्राथमिक फेरीत भिंगरी सहज पुढे गेली. उपांत्य फेरीतही गेली. त्या वेळी मी मुलाखतीची तयारी करत होतो, म्हणून तिच्या आड आलो नाही.

अंतिम फेरीत तिला आठवी लेन मिळाली. सगळ्यात बाहेरची. मी मैदानावर जाऊन पाहतो तर काय! सात जणी तिरक्या रांगेत, एकीच्या मागे एक उभ्या. पहिल्या लेनमधली सांडणी पार मागे. आणि आमची भिंगरी सगळ्यांच्या पुढे, एकटी.

माझे काटे ताठ उभे राहिले.

"हा अपमान आहे!" मी म्हणालो.

"कोणाचा?" अण्णांनी विचारलं.

"आपला! आपण गरीब जंगलातले. म्हणून दया दाखवून आपल्याला पुढे उभं केलंय."

"मग बरंच आहे की," अण्णा म्हणाले. "पुढे आहोत."

"अण्णा, उपकाराच्या जमिनीवर स्वाभिमानाचं पाऊल पडत नाही."

अण्णांना वाक्य कळलं नाही. पण ते मोठं आहे, एवढं कळलं. त्यांनी मान हलवली.

"अहो दादा," भिंगरी म्हणाली, "मैदान गोल आहे. बाहेरून जायचं तर वळसा मोठा पडतो. म्हणून बाहेरचीची रेघ पुढे ओढलीय. शेवटी सगळ्या सारख्याच पळणार."

"भिंगरी, तू भोळी आहेस. अशाच हिशेबांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गुंडाळलंय."

"कोणी?"

"व्यवस्थेने."

भिंगरीने चारी दिशांना कान फिरवले. त्या नावाचं जनावर तिला कुठे दिसलं नाही.

मी आठव्या लेनमध्ये सत्याग्रहाला बसलो. काटे फुलवून. मला उचलायला कोणी पुढे येईना. इतर जंगलांतल्या प्रेक्षकांना वाटलं, हा करमणुकीचा कार्यक्रम आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आणखी चेव चढला.

मुख्य पंच पेंग्विनसाहेब डुलत डुलत आले.

"तुमची मागणी काय आहे?"

"आमची मुलगी पहिल्या लेनच्या रेषेवरून पळेल. सगळ्यांना समान संधी!"

"पण मग तिला सगळ्यांपेक्षा जास्त पळावं लागेल."

"आम्हाला सवलत नको. न्याय हवा."

पेंग्विनसाहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. मग म्हणाले, "रेषेच्या पुढे उभं राहायला मनाई आहे. मागे हवं तितकं उभं राहा. मागे जायला आजवर कोणी परवानगी मागितली नव्हती."

"जिंकलो!" मी ओरडलो.

"मी नाही जाणार मागे," भिंगरी म्हणाली. "दादा, घरी पाडसं आहेत."

"त्यांच्यासाठीच तर हे सगळं! उद्या मोठी झाली की विचारतील, आत्या, तू कुठून पळालीस?"

"मोठी झाली तर विचारतील ना."

मी लगेच घोषणा दिली. "एक रेषा, एक न्याय!" पाच-पन्नास प्राण्यांनी ती उचलली. म्हशींचा आवाज चांगला लागला होता.

अण्णा भिंगरीच्या कानाशी लागले. "ऐक पोरी. आता सगळ्यांसमोर नाही म्हणालीस तर आपल्या जंगलाचं काय राहील? तुला काय, थोडं जास्त पळायचं. हरीणच तर आहेस."

भिंगरी चालत मागे आली. सांडणीच्या बरोबरीला, पण आपल्या बाहेरच्या लेनमध्ये उभी राहिली.

सांडणीने मान वळवून विचारलं, "काय गं, काही चूक केलीस का?"

"मी नाही," भिंगरी म्हणाली.

या स्पर्धेत पिस्तूल वाजवत नाहीत. वाजवलं तर पळणाऱ्यांबरोबर प्रेक्षकही पळतात. म्हणून कोंबडा ठेवला होता. कोंबडा आरवला.

पहिल्या वळणावर भिंगरी सगळ्यांच्या मागे होती. इतकी मागे, की ती वेगळीच शर्यत पळते आहे असं वाटावं. समोरच्या सरळ पट्ट्यात तिने लांडगिणीला गाठलं. मग कांगारूला. शेवटच्या वळणावर ती सगळ्यात लांबच्या वाटेने आली, मान पुढे, कान मागे, आणि मैदानावरचा गलका बंद झाला. क्षणभर, बाळांनो, मलाही वाटलं, ती पुढच्या रेघेवर असती तर...

पण असे विचार मी मनात येऊ देत नाही.

चित्तीण पहिली आली. घोडी दुसरी. सांडणी तिसरी. भिंगरी चौथी. मध्ये फक्त नाकाच्या शेंड्याएवढं अंतर राहिलं.

"आज सगळ्यात वेगाने तुमचीच मुलगी पळाली," पेंग्विनसाहेब मला म्हणाले. "फक्त शर्यतीपेक्षा लांब पळाली."

"हा नैतिक विजय आहे," मी म्हणालो.

"त्याला पदक नसतं."

"म्हणूनच तो मोठा असतो."

भिंगरी गवतावर पडून धापा टाकत होती. मी अभिनंदन करायला गेलो. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आता महाराजांना तुम्हीच सांगा, दादा. तुम्हाला बोलता येतं."

परत आल्यावर माझा सत्कार झाला. गळ्यात हार घातला. मी समान संधीवर इतकं बोललो, की शेजारी बसलेल्या शेळीने तेवढ्यात तो हार संपवला. महाराज मात्र पुढच्या रांगेत बसून शब्द न् शब्द ऐकत होते.

शेवटी भिंगरीला व्यासपीठावर बोलावलं. ती आली नाही. तिची आईही नव्हती. कळपच नव्हता.

खारीने त्यांना जाताना पाहिलं होतं. पाडसं मध्ये, मोठी हरणं कडेने आणि सगळ्यांच्या पुढे भिंगरी. नदी ओलांडून ती दुसऱ्या जंगलात गेली. "काय पळत होती!" खार म्हणाली. "ओरडायला कोणी नव्हतं ना मागे."

महाराज काही दिवस उपाशी राहिले. मग त्यांनी दरबार भरवला.

"साळिंदराचं भाषण मला फार पटलं," ते म्हणाले. "आजवर माझ्या ताटात जवळजवळ सगळी संधी हरणांनाच मिळत आली. हा बाकीच्यांवर अन्याय होता. आता कोणालाही मागे ठेवणार नाही. रोज सकाळी सगळ्यांनी एका रेषेवर उभं राहायचं. मी निवडीन."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हशींनी पाहिलं. शेळीने तर फारच पाहिलं.

मी घसा खाकरला. "महाराज, मी जरा मागे उभा राहिलो तर चालेल?"

"नाही," महाराज म्हणाले. "सवलत देऊन तुमचा अपमान कसा करू?"

तात्पर्य : समतेचा लढा नेहमी दुसऱ्याच्या पायांनी लढावा. आपले पाय नंतर पळून जायला लागतात.