पालथी बादली

मी न्हाणीघरात दीड तास कोंडली गेले होते आणि बाहेर जिन्यात बारा माणसं माझं ओरडणं ऐकत बसली होती, यावर आमच्या मुकादमाने विश्वास ठेवला नाही.

"बारा माणसं? आणि एकानेही दार ढकललं नाही? बाई, थाप मारायची तर जरा बेताची मारा."

मी चौथी शिकलेली. बेताची थाप मला जमत नाही. खोटं बोलायला डोकं लागतं, मला नुसता आवाज आहे.

दवाखान्याच्या धुलाईत मी अकरा वर्षं चादरी पिळते आहे, तात्पुरती म्हणून. (तात्पुरतं म्हणता म्हणता केस पिकले.) त्या दिवशी सकाळी नऊला मोठ्या साहेबांपुढे सही केली की मी कायम होणार होते. जो हजर नाही, त्याचं नाव कटणार. म्हणून ठरवलं, आज केस धुवायचे. कायम होणाऱ्या बाईने कायम झाल्यासारखं दिसायला नको? न्हायला जाण्याआधी कचऱ्याची बादली विसळली आणि निथळायला दाराबाहेर पालथी घातली. घाण बादली घरात ठेवायची मला सवय नाही.

न्हाऊन झालं आणि आतली कडी अडकली. ती काही केल्या हलेना. आधी नवऱ्याला हाका मारल्या, ते दूध आणायला गेलेले. मग समोरच्या नर्सला, वरच्या शिवणवालीला, खालच्या मास्तरांना. मग एकेकाच्या सात पिढ्यांना. तांब्याने दार बडवलं, तांब्याला पोचे पडले. कोणी फिरकलं नाही.

सोडवलं कोणी, तर कचरेवालीने. नवी होती, पहिलाच दिवस. पुढचं दार नुसतं लोटलेलं, ती सरळ आत आली.

"कोण आहे आत?"

"मी!"

"मग बाहेर या की!"

तिने खांद्याने एक दणका दिला आणि कडी तुटली. मी ओल्या केसांनी बाहेर धावले, तर जिन्यात जत्रा. मास्तर पेपर वाचताहेत, शिवणवाली काजं करते आहे, आणि खालच्या पायरीवर दुधाची पिशवी मांडीवर घेऊन आमचे हे.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"अगं, बादली पालथी होती."

"मग?"

"म्हणजे दार वाजवायचं नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि मी आतून बोंबलत होते ते?"

"मला वाटलं, माझ्याच नावाने चाललंय. म्हटलं, ओसरू दे."

तशीच दवाखान्यात पळाले, तर अकरा वाजलेले. मुकादम म्हणाला, "साहेब पाचपर्यंत आहेत. लेखी आणा. साक्षीदारांच्या सह्या, आणि हा नियम ज्याने काढला त्याचं नाव. नाव नसेल तर मी कागद पुढे पाठवणार नाही."

घरी येऊन मी पदर खोचला. आमच्या इमारतीत फळ्यावर चौदा नियम छापून लावलेले आहेत. ते ठरवायला तीन सभा झाल्या, दोन खुर्च्या मोडल्या, आणि आजतागायत एकही नियम कोणी पाळलेला नाही. आणि हा बादलीचा! ना सभा, ना कागद, आणि पाळतात कसा, तर माणूस आत मेला तरी पाळतील!

शिवणवालीला धरलं. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं कोणी नाही हो. मास्तरांच्या दाराशी पाहिलं. दुपारी बादली पालथी घालून वाचत बसतात. म्हटलं, बरं आहे, आपल्यालाही तासभर झोप मिळेल."

मास्तर म्हणाले, "मी नर्सबाईंचं बघून शिकलो. रात्रपाळी करून झोपतात ना. सोय चांगली आहे हो, सगळ्यांनाच गरज होती. फक्त सुरुवात कोणी करत नव्हतं."

खरं सांगते, तिथे मी जरा थबकले. एकाने दुसऱ्याचं बघितलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. कोणी कोणाला विचारलं नाही, तरी बारा घरं एकमेकांची झोप राखत होती. मला मात्र यातलं अक्षर माहीत नव्हतं. मला का नाही कोणी सांगितलं?

नर्स आमच्याच दवाखान्यात आहे. ती दार अर्धंच उघडून म्हणाली, "काकू, मी फौजदारीणबाईंकडून शिकले. दोन वर्षं झाली. त्यांच्या दाराशी बादली पालथी होती आणि मी बेल वाजवली. त्यांनी मला असं काही झाडलं की मी दोन दिवस जेवले नाही. तेव्हापासून बादली बघूनच पाऊल टाकते. रात्रपाळी करून आले की मीही तशीच पालथी घालून झोपते."

"कोण ही फौजदारीण? कुठल्या मजल्यावर राहते? दाखव मला, तिच्या झिंज्याच उपटते!"

मागे जिन्यात मास्तरांनी पेपर वर केला. आमचे हे छताकडे बघू लागले.

"काकू," नर्स हळूच म्हणाली, "दुसरा मजला. खोली सात."

सात आमची.

मी पायरीवर बसले. दोन वर्षं बादली निथळायला ठेवत होते, आणि लोक माझ्या दारावरून चवड्यांवर चालत होते. हे नावही तितकंच जुनं, आणि तेही मला कोणी सांगितलं नाही. सांगायला दार वाजवावं लागतं.

बाराही जणांनी सह्या केल्या. अर्ज यांनी लिहिला. जबाबदार व्यक्तीचं नाव तेवढं कोरं ठेवलं. स्वतःच्या बायकोचं नाव लिहायची छाती झाली नाही, आणि माझीही झाली नाही.

साडेचारला मुकादमापुढे उभी राहिले. त्याने अर्ज वाचला, सह्या मोजल्या, माझ्याकडे बघितलं. मग शिक्का मारला.

"जा, साहेब आहेत आत. पटलं मला. त्या दारावर मीसुद्धा टकटक केली नसती."

"पण ते... खाली नाव राहिलंय," मी पेनासाठी हात पुढे केला.

"असू द्या, मला माहीत आहे," तो म्हणाला. आणि मान वर न करता त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं: फौजदारीणबाई.