हिरूनाना आधी चपला बघतात

हिरूनाना माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी चपला. अंगणाच्या तोंडाशी काठी आडवी धरून म्हणत, "पाय वर कर." माणूस एका पायावर डुगडुगत उभा राहिला की वाकून चपलेचा तळ बघत. तांबडी माती असली तर डोंगरावरून आला, काळा चिखल असला तर खाडीकडून. पांढरा चुना असला तर सरकारी मोजणीवाला. तोल सावरायला कुणी त्यांच्या खांद्याकडे हात नेला तर काठीने तो बाजूला सारत आणि म्हणत, "आता दुसरा."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या दोन्ही तळांना चुना होता.

वाशीत तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या, पण खारघर म्हणजे अजून डोंगर, भात आणि गवतच होतं. नव्या शहरासाठी जमिनी मोजणं चालू होतं. माझं काम मात्र मोजणीचं नव्हतं. दर उन्हाळ्यात डोंगराचं गवत पेटायचं. ते कसं पेटतं, कसं पसरतं आणि कसं अडवायचं, हे जमीनवाल्यांना समजावून सांगायची नोकरी मला मिळाली होती. लातूरकडच्या आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळेत गुरुजींनी कंदील पेटवून ज्योत शिकवली होती. आपल्याला कळलं ते चार लोकांना सांगावं, एवढंच मनात असायचं.

उपाय साधा होता. गवत वाळू लागलं की उतारावर आडवा पट्टा आखायचा आणि तेवढंच गवत कापून, उभं राहून, जाळून टाकायचं. पुढे वणवा आला की त्या उघड्या पट्ट्यापाशी खायला काही न मिळून थांबतो. याला जाळरेषा म्हणतात. पट्टा सरळ यावा म्हणून मी तो चुन्याने आखत असे आणि घोटाळा तिथेच होता. त्या गावांत चुन्याची रेघ म्हणजे जमीन गेली.

डावीउजवीकडचे शेतकरी कसेबसे तयार झाले. मधला तुकडा नानांचा होता. त्यांचं घर गावाच्या वर, उतारावर एकटंच. खाली दगडखाणीच्या मजुरांच्या चुली होत्या आणि वणवा तिथूनच चढायचा. नानांचा तुकडा तसाच राहिला असता तर बाकीच्यांची मेहनत फुकट, आणि आग थेट नानांच्या गवताच्या गंजीवर आणि घरावर.

"कोनी धाडला तुला?"

"नाना, मी आगीचं सांगायला आलोय."

"सांगायला, का लावायला?"

मी खिशातून काडेपेटी काढली. पेटती काडी गुल खाली करून धरली, ज्योत सरसर वर चढली. दुसरी गुल वर करून धरली, ती रेंगाळत जळली. "चढावर आग अशी पळते. वरचं गवत ती येण्याआधीच तापलेलं असतं."

नानांनी काडेपेटी माझ्या हातातून काढून कनवटीला खोचली. "विडी वढतोस?"

"नाही."

"मग माचिस कनाला ठेवतोस? आगवाला साला!"

तेव्हापासून गावात माझं नाव आगवाला. दर खेपेला मी काडेपेटी न्यायचो, दर खेपेला ती जप्त व्हायची. मी रेघ मारून जायचो आणि दुसऱ्या दिवशी ती कुदळीने खरवडून वर शेणसडा घातलेला असायचा. डोंगराला सडा घातलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

पण ते मला हाकलून मात्र देत नसत. कल्हईवाला, बोहारीण, कुणीही आलं तरी तळ बघून बाहेरच्या बाहेर वाट दाखवत. चुनावाल्याला शिव्या मिळत, तांब्याभर पाणी मिळे, वर तांदळाची भाकरी आणि सुकट. मग उलटतपासणी.

"मोजनीवालं झोपतान कुठं?"

"नाना, मी मोजणीवाला नाही."

"चुना खोटं बोलत नाय. छप्पर गळतंय कं? जेवन कोन रांधतो?"

हा म्हातारा आमच्या लोकांची माहिती काढून काहीतरी कट रचतोय, असं मला वाटू लागलं. मीही तोलूनमापून बोलू लागलो. ते माझ्यावर डोळा ठेवत, मी त्यांच्यावर.

एकदा विहिरीवर यमुनाबाईंनी मला थांबवलं. त्या नानांच्या भावकीतल्या. "त्याला उगाच नको पिडू, आगवाल्या. त्याचा काशिनाथ मोजनीत साखळी वढतो, बेलापूरला. ज्या पायांनी माज्या शेतान चुना पारलास ते पाय दारान आनू नको, बोलला बाप. पोऱ्या गेला तो गेलाच."

मी बेलापूरला जाऊन मोजणीवाल्यांची वस्ती बघून आलो. पुढच्या खेपेला नानांनी विचारण्याआधीच म्हणालो, "पत्र्याची शेड आहे. गळत नाही. आळीपाळीने रांधतात."

"मना काय करायचंय?" नाना म्हणाले. "मी नुसता विचारला." आणि भाकरीवर सुकट जरा जास्तच वाढली.

"नाना, चुना नको. तुमच्या चुलीतली राख द्या, तिनं रेघ मारतो."

 नाना आत जाऊन राखेची पाटी घेऊन आले. "तू नाय, मी मारनार. तुजा भरवसा नाय." पट्टा जाळायच्या दिवशी पाण्याचा हंडा शेजारी ठेवून काठी घेऊन उभे होते. नजर आगीवर कमी, माझ्यावर जास्त.

शिमग्याच्या आधी, भर दुपारी खाणीकडून धूर उठला. आग माझ्या काडीसारखी सरसर चढत आली. आम्ही सगळे हिरव्या डहाळ्या घेऊन पट्ट्यामागे उभे होतो. पट्ट्याच्या कडेला ती दोन्ही बाजूंना चाचपत फिरली, फुसफुसली आणि बसली. उडालेल्या ठिणग्या आम्ही झोडून विझवल्या.

तेवढ्यात खालच्या धुमसत्या उतारावरून एक उंच तरुण धावत वर येताना दिसला. बेलापूरहून धूर दिसला असणार. यमुनाबाई पुटपुटल्या, "काशिनाथ." तो अंगणाच्या तोंडाशी येऊन धापा टाकत थांबला. घर, गंज, बाप, सगळं जागेवर होतं.

नानांनी काठी आडवी धरली.

"पाय वर कर."

काशिनाथने पाय उचलला. धापेने तो उभ्याउभ्या हेलकावे खात होता. नानांनी काठी टाकली, पोराचा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला आणि वाकून तळ बघितला. तळ काळाकुट्ट होता, कडेला रबर वितळलेलं.

"चुना नाय," ते म्हणाले. खूप वेळ तो पाय त्यांनी हातातून सोडला नाही.

मग तसेच वाकलेले, वर न बघता म्हणाले, "आता दुसरा."