तात्यांचं नेट

तात्या इंग्रजी अक्षरं गावांवरून सांगतात. के कोल्हापूरचा, जी गारगोटीचा, जे जोतिबाचा. रविवारी दुपारी भिंतीपलीकडून ही एसटी स्टँडवरची घोषणा सुरू झाली, की आम्ही ओळखायचं, नेट गेलं.

तात्या माझे शेजारी. साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त, घरात एकटेच. माझंही नेट त्यांच्याच राऊटरवर चालतं, त्यामुळे रविवारची मॅच मी देवावर सोडलेली असते. मुलगा संजू जर्मनीत. मागं आला तेव्हा त्यानं राऊटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरंच घातलं. त्यात लॉगिनचं नाव आणि पासवर्ड आपणच भरायचा. तो भरलेला मजकूर नेमका रविवारीच कसा बिघडतो, कुणास ठाऊक. तात्या म्हणतात, "मशीन हाय, रुसणारच की."

मग संजूला फोन. तो विचारणार, तात्या एकेक अक्षर वाचणार. "जी, गारगोटीचा. गारगोटीवरनं आठवलं, तुझ्या मावशीची म्हस व्याली बघ. रेडी झाली." पुढचं अक्षर येईपर्यंत मावशीचे गुडघेसुद्धा दुखून होतात. इकडं माझी मॅच बोंबलते.

परवाच्या रविवारी नेट गेलं आणि मला घराकडं बघायला सांगून तात्या दळण आणायला गेले. माझं डोकं फिरलंच होतं. राऊटरचं पान उघडलं, तर लॉगिनच्या नावापुढं एक जादा टिंब. काढलं, नेट सुरू. एवढ्यासाठी तासभर कीर्तन होय, म्हटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. संजू.

"दादा, राऊटर चालू झालेला इथनं दिसला. तात्यांनी केला?"

"मी केला," मी ऐटीत सांगितलं.

"ते टिंब तात्याच घालतात. कधी काय बदललं ते मला इथं दिसतंय की. एरवी फोन केला तर 'बरं हाय, ठेव' म्हणतात. आई गेल्यापास्नं तेवढंच. रविवारी मात्र पोटभर बोलतात. दादा, परत घालाल तेवढं?"

मी टिंब घातलं.

तात्या पिठाचा डबा घेऊन दारात आले. आधी राऊटरच्या दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चालू न्हाय केलंस न्हवं?"

"न्हाय तात्या. आपल्याला न्हाय जमत ते."

"बरं झालं," ते बोलून गेले, आणि डबा तिथंच ठेवून पिठाच्या हातानं फोन शोधायला लागले.