नंदू विद्युतच्या आईकडची कॅसेट

आमच्या धायरीच्या सोसायटीतले वानखडे एखादं रेकॉर्डिंग ऐकवण्याआधी सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावतात, सतरंजीवर बसवतात आणि पंखा बंद करतात. त्यानंतर घाम पुसत आपण जे ऐकतो, तो एका दिवंगत रॉक गायकाचा खोकला असतो.

"अप्रकाशित आहे," वानखडे हळूच सांगतात. प्रकाशित खोकला कुठे मिळतो, हे विचारायचं मी टाळतो.

हा गायक म्हणजे नंदू विद्युत. खांद्यापर्यंत केस, फाटकी जीन्स आणि कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये स्पीकर जाळण्याची ख्याती. एकच अल्बम काढला आणि ऐन उमेदीत गेला. वानखडे त्याला 'बुवा' म्हणतात. अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले, तेव्हा पहिलं वर्षभर त्यांच्याशी टेपवरच्या बुवांशिवाय कोणी बोललं नाही म्हणे. आता ते एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. दिवसभर लोकांच्या कामात खोट काढतात, पण बुवांच्या गिटारची तार तुटली की "काय तोडली जी" म्हणून मान डोलावतात.

अशा लोकांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. एक रेकॉर्डिंग द्यायचं, एक घ्यायचं. वानखडे त्याचे प्रमुख. जोगळेकर नावाचे निवृत्त बँक मॅनेजर तिथले समीक्षक. कार्यक्रमाआधी माईक तपासताना बुवा जे 'हॅलो, हॅलो' करत, त्यावर त्यांनी लिहिलं होतं, "सांगलीच्या 'हॅलो'तली आर्तता नगरच्या 'हॅलो'त नाही." त्यावर दोन गट पडले.

या ग्रुपचं सगळं लक्ष एका कॅसेटवर होतं. बुवांनी घरी एकट्याने गायलेली गाणी. कोणीच न ऐकलेली. ती कॅसेट कात्रजला त्यांच्या आईकडे होती आणि ती आणायचं काम वानखड्यांकडे. ते दर रविवारी जात आणि हात हलवत परत येत. शेवटी जोगळेकरांनी फर्मान काढलं : "या रविवारी कॅसेट न आल्यास आम्ही सर्वजण स्वतः जाऊ."

त्या रविवारी वानखड्यांची स्कूटर बंद पडली, म्हणून मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो.

बुवांच्या आईने, म्हणजे काकूंनी, दार अर्धंच उघडलं. "काय काम काढलंत?"

"काकू, ती कॅसेट सापडली का?" वानखड्यांनी विचारलं.

"बघते हो. आधी आत या."

आत जाऊन बसलो आणि कॅसेट मला लगेच दिसली. समोरच्या शोकेसवर, काचेच्या बदकाशेजारी. पेनाने ठळक लिहिलं होतं, 'नंदू – घरी'. वानखडे मात्र तिच्याकडे बरोबर पाठ करून बसले. काकूंनी उपमा दिला, गुडघ्यांची हकिगत सांगितली, नंदू पडवळाची भाजी खिडकीतून कशी फेकायचा ते सांगितलं. वानखड्यांनी गळका नळ दुरुस्त केला.

"कुठे ठेवलीय मेली, सापडतच नाही," असं म्हणत काकूंनी पदराने शोकेस पुसला. कॅसेट उचलली, खालची धूळ पुसली आणि परत जागच्या जागी ठेवली.

"सावकाश पाहा जी," वानखडे नळाकडे बघत म्हणाले.

गाडीत बसताच त्यांनी ग्रुपवर लिहिलं : "कॅसेट मिळाली. टेपला बुरशी लागली आहे, काही ऐकू येत नाही. कोणी जाऊ नये." दोन मिनिटांत जोगळेकरांचं उत्तर आलं : "आपल्या दिरंगाईमुळे अपरिमित हानी झाली. आपणांस प्रमुखपदावरून मुक्त करण्यात येत आहे." वानखड्यांनी ते वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

"वानखडे, कॅसेट शोकेसवरच होती."

"दिसते न मले. क्वालिटीत हावो मी."

"मग घेतली का नाहीत? ऐकायची नाही तुम्हाला?"

"लय ऐकाची हाये." त्यांनी सीटबेल्ट लावला. मग म्हणाले, "आमच्याकडे कोणाच्याही घरी असंच जाता येते जी. इथं दारातच विचारतात, काम काय. कॅसेट घेऊन टाकली, तर पुढच्या रविवारी दारात मी काम काय सांगू?"