तोंडावरच्या उन्हाची दुरुस्ती

पांढरा रंग ही निसर्गाने अर्धवट सोडलेली गोष्ट आहे. सकाळी तो निळा असतो, दिव्याखाली पिवळा, आणि हिरव्या पडद्यांच्या खोलीत कसा असतो ते सांगण्यासारखं नाही. माणसाचे डोळे या गैरप्रकाराकडे काणाडोळा करतात आणि सरसकट सगळ्याला 'पांढरं' म्हणून मोकळे होतात. कॅमेरा प्रामाणिक असल्यामुळे त्याला हे जमत नाही. 'बाबा रे, हे पांढरं' असं त्याला कुणीतरी बसून समजवावं लागतं. या समजावणीला व्हाइट बॅलन्स म्हणतात, आणि तिच्यासाठी ठिकठिकाणी कॅमेरा क्लब स्थापन झाले आहेत.

स्कुगदालचा आमचा क्लब त्यांतलाच एक. नॉर्वेतल्या या दरीच्या दोन्ही अंगांना असे डोंगर उभे आहेत, की ऑक्टोबरात गेलेला सूर्य थेट फेब्रुवारीत तोंड दाखवतो. तोवर गावात उजेड असतो, पण निळा. बर्फ निळं, घरं निळी, चर्चमधल्या पाद्रीबाईही निळ्या. अशा गावाला पांढऱ्याचा कळवळा असणं ओघानेच आलं. क्लबात एकवीस सभासद आहेत, पैकी दोन बायका. (दोघीही फोटो बरे काढतात, त्यामुळे तांत्रिक चर्चेत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.) दर मंगळवारी शाळेच्या तळघरात आम्ही कॉफी आणि वाफल्स घेऊन बसतो. अध्यक्ष ओडमुंड यांच्या पाहणीनुसार क्लबचा ६२ टक्के वेळ पांढऱ्यावरच्या चर्चेत जातो, ३१ टक्के वाफलवरच्या जॅमच्या चर्चेत आणि उरलेला फोटो काढण्यात. हा शेवटचा आकडा खाली आणण्याचे प्रयत्न चालू आहेत.

आमचे व्हाइट बॅलन्स प्रमुख म्हणजे हालवार्ड. नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरी, स्वभाव सरळ, खिशात सदैव राखाडी कार्ड. ज्या उजेडात फोटो काढायचा त्या उजेडात हे कार्ड कॅमेऱ्याला दाखवायचं आणि सांगायचं, 'हे राखाडी आहे.' मग कॅमेरा उजेडात मिसळलेला रंग वेचून बाहेर काढतो आणि खाली राहतं ते सत्य. हालवार्डच्या बायकोने एकदा नवा झगा घालून विचारलं होतं, "मी कशी दिसतेय?" त्यावर त्याने विचारलं, "कुठल्या दिव्यात?" (ती सध्या बर्गनला बहिणीकडे असते. तिकडे बारमाही ढग, त्यामुळे उजेडाची कटकट नाही.)

तर या हालवार्डची आई, बोर्गहिल्ड, वय एकोणनव्वद, मुक्काम गावातला वृद्धाश्रम. जानेवारीतल्या एका रविवारी तिने मुलाला समोर बसवलं.

"मला एक फोटो काढून दे. चांगलासा."

"कशाला, आई?"

"माझ्या अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापायला. असं बघू नकोस, कुठला तरी छापावाच लागतो. तुझ्या सगळ्या फोटोंत मी आधीच मेल्यासारखी दिसते."

"तो हिवाळ्यातल्या उजेडाचा दोष आहे."

"मग उन्हात काढ. सूर्य येईल त्या दिवशी मला चर्चच्या पायऱ्यांशी घेऊन चल. मला तोंडावर ऊन हवंय, बाकी काही नको."

हालवार्डने लगेच खिशातलं कार्ड चाचपलं. आईने आयुष्यात त्याच्याकडे मागितलेलं हे पहिलंच काम, आणि तेही नेमकं त्याच्या खात्यातलं.

सूर्य परतण्याचा दिवस आमच्याकडे सणासारखा असतो. मुलं डोक्यावर पिवळे कागदी मुकुट घालून रांगेने येतात, बँड गारठलेल्या ओठांनी वाजतो, आणि मधोमध पिवळं कस्टर्ड भरलेले गोल पाव खात सगळं गाव चर्चसमोर डोंगराच्या कडेकडे बघत उभं राहतं. पहिल्या दिवशी सूर्य कडेवरून डोकावतो आणि एक पाव खाऊन होईस्तोवर परत जातो. त्या वर्षी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बोर्गहिल्ड चाकांच्या खुर्चीत, ठेवणीतला पांढरा स्वेटर घालून, अगदी पुढे बसली होती.

आणि ऊन आलं. पायऱ्यांवर आलं, खुर्चीच्या चाकांवर आलं, मग तिच्या तोंडावर आलं. म्हातारीने डोळे मिटले. सगळं गाव "आऽऽ" म्हणालं. हालवार्डने तिच्या हनुवटीखाली राखाडी कार्ड सरकवलं.

"हे काय?"

"धर, आई. सरळ धर. आधी मोजायला हवं."

"मेल्या, ऊन निघून जाईल! मी काय तुरुंगातली कैदी आहे पाटी धरायला?"

"हलू नकोस!"

कॅमेरा वाजला. मोजमाप झालं. कार्ड काढून घेतलं, कॅमेऱ्याला सत्य सांगितलं, आणि ऊन जाता जाता हालवार्डने फोटो काढला. क्लबात तो भिंतीवर दाखवला गेला तेव्हा वाफल हातात असूनही लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओडमुंड उठून म्हणाले, "स्वेटरचा पांढरा बघा. असा पांढरा या दरीत आजवर झालेला नाही." तीन सभासदांचे डोळे पाणावले. (एकाचे मोतीबिंदूमुळे.)

रविवारी हालवार्डने फोटो आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो पाहिला.

"ऊन कुठंय?"

"ऊन आहेच की. फक्त त्याचा रंग काढलाय."

"अरे मग राहिलं काय?"

"खरं राहिलं, आई."

"खरं मला रोज आरशात दिसतं, फुकट. बाकीचे दाखव बघू." आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर तो मोजणीचा फोटो आला. हातात कार्ड, तोंड शिव्या देण्यासाठी उघडं, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळी म्हातारी सोन्यासारखी पिवळी. "हा! हाच छाप."

"तो चाचणीचा आहे. त्यात सगळं चुकलंय. तुझा चेहरा असा पिवळा नाहीच मुळी."

"त्या दिवशी होता की नव्हता?"

हालवार्ड खोटं बोलत नाही. "होता," तो म्हणाला.

"मग झालं तर."

"दुसरा काढतो ना, आता रोज ऊन येतंय."

"काढ. पण ते कार्ड घरी ठेवून ये."

इथे घोडं अडलं. हालवार्डने तीनदा कार्ड टेबलावर ठेवलं आणि तिन्ही वेळा ते दारापर्यंत जाता जाता परत खिशात घातलं. त्याने क्लबाचं मत मागवलं. आम्ही दोन मंगळवार चर्चा केली आणि ठरवलं, की आई ही वैयक्तिक बाब असली तरी रंग हा सार्वजनिक आहे. जॅम त्या दिवशी रासबेरीचा होता.

मार्चमध्ये बोर्गहिल्ड झोपेतच गेली. हालवार्ड तो सोनेरी फोटो उघडून बसला. त्याला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन रडला तो. फोटो तसाच छापावा असं त्याला फार फार वाटलं. मग त्याने डोळे पुसले, फोटोतल्या कार्डावर बोट टेकवून 'हे राखाडी आहे' असं एकदा सांगितलं, आणि आईच्या तोंडावरून ऊन निघून गेलं.

चर्चमध्ये पत्रिका वाटल्या गेल्या. शवपेटी झाकण्यापूर्वी घरच्यांनी आणि आम्ही शेवटचं दर्शन घेतलं, आणि अध्यक्षांनी नोंदवल्याप्रमाणे फोटोतला रंग आणि पेटीतला रंग यांत तसूभरही फरक नव्हता. इतकी अचूकता क्लबला पूर्वी कधी साधली नव्हती.

वाचकहो, आता तुम्हाला हालवार्डला धरून चार शब्द सुनावावेसे वाटत असतील. जरूर सुनावा. त्याआधी फोनमधला तुमच्या भाचीचा तो फोटो काढा, गेल्या महिन्यात स्थळासाठी पाठवलेला. तिचा छान सावळा रंग तुम्ही बोटाने पुसत पुसत कुठवर नेलात ते बघा. "मामा, हे लोक मला भेटायला येतील तेव्हा काय करायचं?" असं तिने विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, संध्याकाळी बोलावू, ट्यूबलाइट लावून. आमच्या क्लबाने एकमताने तुम्हाला मानद सभासद करून घेतलं आहे. एवढं पांढरं आम्हाला कार्ड धरूनही कधी जमलं नाही.