दिवा विझवणारं यंत्र

जावयाच्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागल्याची बाब रविवारी सकाळी निदर्शनास आली. मंगळवारी बायकोची मुलाखत होती, घाटापलीकडच्या कॉलेजात. कित्येक वर्षं तासिकांवर शिकवल्यावर पहिल्यांदाच कायम नोकरीची जागा निघाली होती. त्यामुळे प्रकरण तातडीचं ठरलं, आणि म्हणूनच ते सासऱ्यांकडे गेलं.

सासरे खरेदी विभागातून निवृत्त झाले होते, पण फक्त पगारापुरते.

"मेकॅनिकला दाखवू या," जावई म्हणाला.

"जावईबापू, आजार सांगणारा तोच आणि औषध विकणाराही तोच? आधी स्वतःचा कोड रीडर घ्यायचा. स्टिअरिंगखाली जोडला की गाडी आपला बिघाड आकड्यात सांगते."

आकडे म्हटल्यावर रसायनशास्त्र शिकलेला जावई विरघळला. दिवसभर तो अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचत बसला.

संध्याकाळी तीन दरपत्रकं सादर झाली. पहिला रीडर बिघाडाचा आकडा दाखवून अर्थही सांगत होता. दुसरा नुसता आकडा दाखवत होता. तिसऱ्याला एकच बटण होतं. ते दाबलं की नोंद पुसली जायची आणि दिवा जायचा. तोच सर्वांत स्वस्त होता.

"बाबा, हा काही वाचतच नाही!"

"तक्रार काय नोंदवली आहे?"

"दिवा लागलाय."

"आणि हा दिवा घालवतो. मग जास्तीचा खर्च कशाच्या आधारे मंजूर करू?"

मुद्दा चुकीचा होता, पण जावयाला त्यात फट सापडेना. शिवाय त्या रीडरला अभिप्राय उत्तम होते. 'दिवा लगेच गेला,' असं सगळ्यांनीच लिहिलं होतं.

सोमवारी रीडर आला. बटण दाबलं, दिवा गेला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "इंजिन थरथरतंय, बाबा," असं बायको म्हणाली. पण थरथरीची तक्रार मुदतीत आलेली नव्हती.

मंगळवारी गाडी बायको चालवत होती. पहिल्याच चढाला दिवा लागला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, जावयाने बटण दाबलं, पुन्हा निघाले. पुढच्या वळणावर तेच. तिसऱ्यांदा दिवा नुसता लागला नाही, लुकलुकू लागला.

"आता हे काय सांगतंय?" तिने विचारलं.

"ते सांगणारा महाग होता."

जळका वास आला आणि गाडी जागीच बसली. खाली दरीपलीकडे कॉलेजची इमारत स्पष्ट दिसत होती. मुलाखतीची वेळ टळली, तेव्हा अडकल्याचा निरोप वाचून सासऱ्यांचा फोन आला.

"दिवा लागलाय का?"

"किल्ली काढलीय, बाबा. एकही दिवा नाही."

"मग गाडी ठीक आहे! आणि पोरगी? रडत तर नाही ना?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. डोळे कोरडे होते.

"ठीक आहेस ना गं?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक आहे म्हणतेय, बाबा," त्याने कळवलं, आणि दोन्ही बाजूंना बरं वाटलं.

'ठीक आहेस ना?' हे दुसरं बटण फुकट मिळतं, त्याला दरपत्रक लागत नाही. आज घरी गेल्यावर तुम्हीही ते कोणाचं तरी दाबालच. दिवा लगेच जातो.