पुंजाजींची दुर्बीण

आमच्या लोणारात सकाळचे आठ वाजायचे ते पुंजाजींच्या बंदुकीने. रोज ठीक आठला सरोवराच्या काठावरून एक बार व्हायचा, त्याचा आवाज सगळ्या खळग्यात घुमायचा आणि तो ऐकून आमच्या शाळेचा शिपाई घंटा द्यायचा. हेडमास्तरांच्या घड्याळावर कोणाचाच विश्वास नव्हता. पुंजाजींच्या बारावर गावाचा होता.

पुंजाजी माझे शेजारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच मुलगी, तिचंही लग्न झालेलं. काठावर वांग्या-मेथीचा मळा आणि राखणीसाठी ठासणीची बंदूक, एवढा त्यांचा संसार. लायसन्सवर शिक्के मात्र तीन सरकारांचे: आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, आता महाराष्ट्र. "सरकार बदलते मास्तर, बंदूक थेच हाये!" हे ते आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवत. या बंदुकीने कधी उंदीरसुद्धा मेला नव्हता. बारात गोळी नसायचीच, नुसती दारू ठासलेली. तुमचा बार ऐकूनच रानडुकरं न्याहारीला येतात, असं मी त्यांना चिडवत असे.

आणि असल्या बंदुकीवर दुर्बीण होती! मिलिटरीचा माल म्हणून खामगावच्या एका भंगारवाल्याकडून आणलेली, तारेने नळीवर आवळलेली. ज्या बंदुकीत छर्रा भरला तरी तो बांधापर्यंत जाताना दमेल, तिला मैलभर पलीकडचं दाखवणारी दुर्बीण कशाला? विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "वावरातलं तुमाले काय समजते?"

मग सरकारी हुकूम आला. लोक दुर्बिणीतून लांबूनच हरणं टिपतात, म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणींना बंदी. आठ दिवसांत दुर्बीण ठाण्यात जमा करा, नाहीतर बंदूक जमा करून लायसन्स सोडा.

गावातल्या बंदूकवाल्यांनी देशमुखांच्या ओट्यावर बैठक भरवली. अर्ज लिहायला मला नेलं. देशमुखांच्या तीन बंदुका होत्या. ते गरजले, "दुर्बीण नाई तं शिकार काय डोळे बांधून करावी?" अडतीचे शेटजी शांत होते. "माही बंदूक खिळ्यावर हाये. तिले दुर्बीण लावली तरी दिसते थे समोरची भितच."

सगळ्यांत जास्त तापले होते पुंजाजी. "बंदी घालाची तं बारावर घाला! दुर्बिणीनं आजवर कोन मेलं? लिहा मास्तर, दुर्बिणीबिगर मानूस जगत नाई." मी लिहिलं, 'गैरसोय होते.' त्यांनी ते वाचून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अर्जाचं उत्तर काही आलं नाही. शेवटच्या दिवशी सगळे ठाण्यात गेले, साक्षीदार म्हणून मीही. एकेक जण तोंड पाडून टेबलावर दुर्बीण ठेवी आणि बंदूक खांद्याला अडकवून निघे. पुंजाजींची पाळी आली. त्यांनी हळूहळू तार सोडवली, दुर्बीण बंडीच्या खिशात घातली आणि बंदूक टेबलावर ठेवली.

फौजदार म्हणाले, "अहो, उलटं केलंत तुम्ही."

"नाई साहेब, बराबर केलं. आता बंदूकच नाई, तं दुर्बीण बंदुकीवर कशी राहीन?"

फौजदारांनी हुकूम दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि सही केली. देशमुख तर बघतच राहिले. तीन सरकारांच्या शिक्क्यांचं लायसन्स पुंजाजींनी असं देऊन टाकलं, जसं पिशवीतून वांगं काढून द्यावं.

परत येताना मी विचारलंच. मळ्याच्या वाटेला वळता वळता ते म्हणाले, "गंगू हाये ना तिकडं."

गंगू म्हणजे त्यांची मुलगी. तिचं सासर सरोवराच्या पलीकडच्या काठावर. लेकीला मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही यांच्या घराण्याची रीत. न पिता उठलं तर जावई रागावतात, म्हणून पुंजाजी जातच नव्हते, आणि गंगूला सासरचे माहेरी धाडत ते दिवाळीलाच. लग्नात बापलेकीचं ठरलं होतं: आठ वाजता इकडे बार व्हायचा, तिकडे गंगूने बांधावर येऊन हात करायचा, आणि बापाने दुर्बिणीतून बघायचं. आम्ही मूर्खासारखे त्या बारावर घड्याळं लावत होतो.

"अन् आता बार कसा करणार?" मी विचारलं.

"डबा वाजवतो," ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायचं सोडून मी मळ्यावर गेलो. पुंजाजींनी तेलाचा रिकामा डबा बडव बडव बडवला. तो आवाज पलीकडे पोचणार नाही हे दोघांनाही कळत होतं. मग त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली.

"आली! मास्तर, आली बे आली!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला दोस्ताला म्हणावं तसं 'बे' म्हटलं. दुर्बीण माझ्या हातात कोंबली. पलीकडच्या बांधावर हिरव्या लुगड्यातली एक बाई कपाळावर हात धरून आमच्याच दिशेने बघत होती आणि दुसरा हात जोरजोरात हलवत होती. तिला दिसणार नाही हे माहीत असूनही पुंजाजी दोन्ही हात वर करून नाचत होते.

त्या दिवशी शाळेची घंटा अर्धा तास उशिरा झाली.

पुंजाजी खाली बसले आणि उपरण्याने डोळे पुसत हसायला लागले. "पाह्यलं मास्तर? थे बाराची वाट पाहतच नव्हती. इतके साल मी उगाच दारू जाळली."